ताकद वाढेल, पण ब्रेकचं काय?

वाघोलीत केसनंद फाट्याजवळच्या एखाद्या चहाच्या टपरीवर रात्री दहानंतर उभे राहा. आसपासच्या कॉलेजांची आणि पीजीवाल्यांची गर्दी असते. कुणी गाडीला कोणता एक्झॉस्ट लावला, कुणी 'स्टेज वन' रिमॅप केलं, यावर चर्चा रंगलेली असते. मोबाइलवर अमेरिकेतल्या एखाद्या स्पोर्ट्स कारला सुपरचार्जर किट बसवतानाचा व्हिडिओ चालू असतो. बॉनेट उघडतं, वीकेंडभर काम चालतं, डायनोवरचा आकडा टुणकन वर जातो. मग कुणीतरी विचारतंच, "आपल्याकडे होईल का रे हे?"

प्रश्न चांगला आहे. तांत्रिकदृष्ट्या विचाराल तर होईल. कायद्याने विचाराल तर नाही. आणि हे 'नाही' सध्या ज्या पद्धतीचं आहे, त्याचा गाडीवाल्याला फायदा नाही, रस्त्यावरून चालणाऱ्यालाही नाही. कसं ते बघू.

सगळा खेळ हवेचा

इंजिनात पेट्रोल जास्त सोडणं सोपं आहे. इंजेक्टर जरा जास्त वेळ उघडा ठेवला की झालं. गाडी अडते ती हवेपाशी. एक किलो पेट्रोल नीट जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. १५०० सीसीचं फोर स्ट्रोक इंजिन ६००० आरपीएमवर, सिलिंडर पूर्ण भरले असं धरलं, तर सेकंदाला ७५ लिटर हवा ओढतं. त्यापेक्षा जास्त ओढायची त्याची ऐपत नाही. त्यात पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, त्यामुळे मुंबईपेक्षा इथे हवा पाचेक टक्के विरळच.

सुपरचार्जर ही हवा दाबून आत कोंबतो. तो क्रँकशाफ्टवरून पट्ट्याने फिरतो. टर्बो तेच काम एक्झॉस्टमधून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर करतो. आपल्याकडे टर्बो जास्त दिसतो, कारण तो कंपनीच देते. चाकणला बनलेल्या पोलो जीटी टीएसआय किंवा व्हर्टसमध्ये तो आधीच आहे. म्हणून आपल्याकडची पोरं किट न बसवता लॅपटॉप जोडून ईसीयूचा मॅप बदलतात आणि त्याच टर्बोकडून जास्त दाब मागतात. मार्ग वेगळा असला तरी हेतू एकच आणि धोकेही बरेचसे तेच.

समजा तुम्ही ०.४ बार जादा दाब दिलात. कागदावर ४० टक्के हवा वाढली. प्रत्यक्षात दाबलेली हवा तापते, आणि पट्टा फिरवायला इंजिनाचीच थोडी ताकद जाते. गरम हवा आणि मुळातच जास्त असलेला कॉम्प्रेशन रेशो एकत्र आले की ठिणगीची ज्योत पोहोचण्याची वाट न बघता उरलेलं पेट्रोल-हवेचं मिश्रण स्वतःच पेटतं. याला नॉकिंग म्हणतात. थोडं झालं तर ईसीयू सावरून घेतो. जास्त झालं तर पिस्टन फुटतो, कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून चांगल्या किटमध्ये इंटरकूलर, मोठे इंजेक्टर, कधी जास्त क्षमतेचा फ्युएल पंप आणि त्या इंजिनासाठी खास बनवलेला मॅप असतो. आणि हा मॅप तिकडच्या पेट्रोलसाठी लिहिलेला असतो, ही गोष्ट व्हिडिओत कुणी सांगत नाही. आपल्या पंपावर आता ई-२० मिळतं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त द्यावं लागतं. तिकडची फाइल इकडे जशीच्या तशी टाकली, तर पैसे देऊन इंजिन खराब करून घेतल्यासारखं होईल.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की कंपनीने मुळात ठरवलेल्या तपशिलांशी आरसीवरचा तपशील जुळणार नाही, असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात याच कलमाचा कडक अर्थ लावला आणि केरळ उच्च न्यायालयाचा सैल निकाल फिरवला. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीत कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द नीट वाचा. शिवाय वॉरंटी जाते, आणि बदल लपवून विमा काढला असेल तर अपघातानंतर कंपनी क्लेम अडवू शकते. ईएमआय बाबांच्या पगारातून जात असेल, तर ही गोष्ट घरी आधी सांगितलेली बरी.

पण याच कलम ५२ मध्ये एक दार उघडं आहे. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीचं मान्यताप्राप्त किट बसवता येतं. किटची चाचणी होते, अधिकृत ठिकाणी ते बसवलं जातं, आरटीओ आरसीवर नोंद करतं, सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी तपासणी होते. म्हणजे इंजिनाला बाहेरचा भाग जोडणं आपल्या व्यवस्थेला अशक्य वाटत नाही. ते तपासून जोडावं एवढीच अट आहे. अशा किटची चाचणी करणारी एक मोठी संस्था, एआरएआय, १९६६ पासून आपल्याच पुण्यात आहे.

मग ताकद वाढवणाऱ्या किटसाठी असा रस्ता का नसावा? कॅलिफोर्नियात प्रदूषणाचे नियम अमेरिकेत सर्वांत कडक. तिथेही किट बनवणाऱ्याला तिथल्या एअर रिसोर्सेस बोर्डाकडून उत्सर्जनाची चाचणी पास करून क्रमांक घेता येतो. तो क्रमांक असलेला सुपरचार्जर रस्त्यावर कायदेशीर, नसलेला बेकायदेशीर. जर्मनीत असे बदल तपासून घेऊन गाडीच्या कागदपत्रांत नोंदवता येतात. आपल्याकडे मात्र सरसकट बंदी, त्यामुळे काम बंद होत नाही, ते शटरआड जातं. तिथे बिल नाही, चाचणी नाही, आणि काम करणारा ब्रेककडे बघतो की नाही हे विचारणारं कुणी नाही. जप्त केलेल्या सायलेन्सरवर पोलिस रोडरोलर फिरवतात, कारण आवाज सापडतो. लॅपटॉपवरून बदललेला मॅप बाहेरून दिसतही नाही.

आता रस्त्याकडे बघा

हे सगळं वाचून 'म्हणजे आमचीच बाजू बरोबर' असं वाटत असेल, तर जरा थांबा. ज्या फाट्यावर आपण चहा पीत उभे आहोत, तिथेच २२ डिसेंबर २०२४ च्या मध्यरात्रीनंतर एक डंपर फुटपाथवर झोपलेल्या मजुरांच्या अंगावरून गेला. अमरावतीहून कामासाठी आलेली माणसं होती ती. तिघांचा जीव गेला, त्यात दोन लहान मुलं. चालक दारू प्यायलेला होता, असं पोलिसांनी सांगितलं. त्याआधी १९ मे २०२४ ला कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शेने दुचाकीवरच्या दोन तरुण इंजिनीअरना उडवलं. ती गाडी इलेक्ट्रिक होती, तिला कुठलंही किट लागलं नव्हतं. तिची कायमची नोंदणीही झालेली नव्हती, १७५८ रुपयांचं शुल्क भरायचं राहिलं होतं.

यातलं एकही वाहन मॉडिफाय केलेलं म्हणून चर्चेत आलं नव्हतं. तरी दोन्ही घटना आपल्या विषयाच्याच आहेत. कारखान्यातून निघालेली ताकदही या रस्त्याला पेलवत नाही, मग वाढवलेली कुठे वापरणार? नगर रोडला कॉलेज सुटल्यावर दुभाजकाच्या फटीतून ओलांडणारी पोरं, खाणींचे डंपर, विरुद्ध दिशेने येणाऱ्या दुचाकी हे सगळं रोजचं आहे.

फिजिक्सचं एक गणित करा. कोरडा रस्ता, चांगले टायर, आणि ब्रेक दाबेपर्यंत गेलेला एक सेकंद धरा. ताशी ६० किलोमीटरला गाडी साधारण ३६ मीटरमध्ये थांबते. १२० ला ११० मीटरपेक्षा जास्त लागतात. म्हणजे पहिली गाडी जिथे थांबली, त्या जागेवरून दुसरी अजून ११५ च्या वर वेगाने जात असते. तिथे कुणी रस्ता ओलांडत असेल तर? सुपरचार्जर किटच्या डब्यात ब्रेक नसतात, टायरही नसतात. ते बदलायचा खर्च वेगळा, आणि बजेट संपलं की सगळ्यात आधी तोच कापला जातो.

हौस कुठे करायची?

इंजिनाशी खेळायची खाज असेल तर ती वाईट नाही. या शहराचं पोटच गाड्यांवर चालतं. कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट टीममध्ये शिरा. कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर होणाऱ्या फॉर्म्युला भारतमध्ये देशभरातल्या कॉलेजांच्या टीम उतरतात. तिथल्या पेट्रोल गाड्यांना ७१० सीसीची मर्यादा आणि २० मिलिमीटरच्या रिस्ट्रिक्टरमधूनच हवा घ्यायची अट असते. टर्बो, सुपरचार्जर बसवायला मनाई नाही, पण हवा त्याच भोकातून आली पाहिजे. डोकं लावायला याहून चांगलं कोडं कुठे मिळेल? लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेस झाल्या आहेत, तिथे मॉडिफाय केलेल्या गाड्याही पळाल्या. समोर कुणाचं पोर येणार नाही, अशी सरळ बंद पट्टी.

आणि मागणी करायचीच असेल, तर दोन गोष्टी एकत्र मागा. सीएनजीसारखीच तपासणी आणि नोंद करून ताकद वाढवणाऱ्या किटलाही परवानगी द्या. आणि त्या परवानगीसोबत ब्रेक-टायरची अट घाला. फक्त पहिली मागणी करणाऱ्याचं सरकार ऐकणार नाही, आणि ऐकूही नये.

तोपर्यंत टपरीवर कुणी विचारलं, "आपल्याकडे होईल का रे?" तर त्याला आधी एवढंच विचारा, "ब्रेक पॅड शेवटचे कधी बदललेस?"