मंदिर आणि त्याचा परिसर

टॉमस डॅनियल व त्याचा पुतण्या विल्यम हे इंग्रज चित्रकार 1786 मध्ये कलकत्त्यास उतरले. देशभर हिंडून त्यांनी केलेल्या रेखाटनांवरून 1795 ते 1808 या काळात ‘ओरिएंटल सीनरी’ हा 144 चित्रांचा संग्रह लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. मेणाचा थर दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर सुईने रेषा ओढावयाच्या, राळेची भुकटी बसवून छायेचे भाग आम्लाने कोरावयाचे, मग शाई भरून छाप घ्यावयाचा, असे हे कष्टाचे काम.

या चित्रांच्या प्रती दिवाणखान्यात लावून ‘पाहा आमच्या मंदिरांचे वैभव!’ म्हणणारे आमच्यांत पुष्कळ आहेत. त्यांना आम्ही नम्रपणे विचारतो, आपण चित्र पुरते पाहिले आहे काय? वृंदावनची मंदिरे तेथे यमुनेसह आहेत. गयेच्या चित्राचा तर विषयच पवित्र वृक्ष हा आहे. जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून 1803 मध्ये निघालेल्या वेरूळच्या 24 चित्रांच्या शीर्षकातही डोंगराचा उल्लेख आहे. आणि ते यथार्थच, कारण कैलास त्या डोंगरातूनच कोरून काढलेला आहे.

हे चित्रकार परके होते, साहेबी अभिरुचीप्रमाणे त्यांनी दृश्याची मांडणी केली, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. परंतु देवालय हे भूमीपासून वेगळे काढता येत नाही, एवढे त्या परक्यांस दिसले. ते आम्हांस दिसू नये, याला काय म्हणावे? जीर्णोद्धाराच्या नावाखाली आम्हीच तळी बुजवितो, पिंपळाचे पार फोडतो, देवराईवर कुऱ्हाड चालवितो, अंगणात चकचकीत फरशी घालतो आणि वर देणगीदारांच्या नावांच्या पाट्या बसवितो! गोमंतकातील देवळांची तळी आणि कोकणातील देवराया ही काय केवळ शोभेची आरास होती? पूर्वजांनी त्या राईत कुऱ्हाड नेण्यास बंदी केली, ती देवाच्या नावानेच.

म्हणून आमचे विश्वस्त मंडळींना सांगणे आहे की, जीर्णोद्धाराचा आराखडा मंजूर करण्यापूर्वी त्यात तळे, वृक्ष आणि डोंगर कोठे आहेत हे प्रथम विचारा. ते नसतील तर आराखडा परत पाठवा. ताम्रपटावरून दुसरा छाप काढता येतो. तोडलेली राई पुन्हा उभी करण्यास पिढ्या लागतात.