ठेंगणी गाय आणि वसईचा पाऊस

स्कॉटलंडच्या हायलँड गाईची ठेंगणी आवृत्ती मोबाइलवर गोंडस दिसते. पण तिची लांब, दुहेरी लोकर थंड डोंगरांसाठी आहे. वसई-विरारच्या दमट उकाड्यात तीच लोकर तिला जाच ठरेल. यावर उत्तर येते, मग आंध्रच्या चित्तूर भागातली पुंगनूर घ्यावी: देशी, जेमतेम तीन फुटी, थोड्या चाऱ्यावर भागणारी. युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण अपुरा आहे. पुंगनूर कमी पावसाच्या मुलखात घडली. आपल्याकडे चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. ओल्या गोठ्यात खुरे कुजतात, गोचीड वाढते. शिवाय गाय कळपात रमणारी. उंची घटली म्हणून तिची सोबतीची, चरण्याची गरज घटत नाही.

गाय पाळायची हौसच असेल तर कोकण कपिला पाहा. लहान चणीची, काटक, आपल्याच हवेत तगलेली ही गाय करनालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने स्वतंत्र जात म्हणून नोंदवली आहे. ती दूध कमी देते, हा आक्षेप खरा. पण हौशीने पाळणाऱ्याला डेअरी कुठे चालवायची असते? कोरडा गोठा, हिरवा चारा, लसीकरण आणि जोडीला दुसरे जनावर, एवढे जमत नसेल तर गाय आणूच नये.