‘आईला सांग’ म्हणण्याआधी

तिसरीच्या वर्गात आहाराचा पाठ चालू होता. फळ्यावर माठ, अळू, शेवगा, टाकळा अशी नावं लिहिली आणि सवयीने बोलून गेलो, “उद्या आईला सांगायचं, छोट्या सुट्टीच्या डब्यात एखादी पालेभाजी दे म्हणून.” मागच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. “गुरुजी, पप्पांना सांगितलं तर चालंल?”

दोन पोरं हसली. मी “चालेल की!” म्हणून पुढे सरकलो. पण चूक माझी होती. तिची आई दोन वर्षांपूर्वी गेली हे मला माहीत होतं, तरी तोंडातून ‘आई’च आलं. मित्रांनो, एक दिवस स्वतःची वाक्यं मोजून बघा. डबा, नखं, केस, गणवेश, सगळ्याला ‘आईला सांग’. वडील आपल्याला आठवतात ते सहीसाठी.

या मुलीच्या घरी मी नंतर दोन-तीनदा गेलो. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वडील चिऱ्याच्या खाणीवर कामाला, आंब्याच्या दिवसांत बागेत. सकाळी सातला घर सोडतात. धाकटा मुलगा अंगणवाडीत. आजी आहे, पण पलीकडच्या वाडीत, आणि तिचे गुडघे गेलेले. पहिलं वर्ष कसं काढलं विचारलं, तर म्हणाले, “भात नि डाळ. आणि सकाळी चाय-बिस्कुट.” मुलं रडली की पाच रुपयांची पुडी. ती वाडीतल्या दुकानात दाराशीच टांगलेली असते.

लोक म्हणतात, बाप्यामाणसाला पोरांच्या खाण्याचं काय कळतं! मला हे पटत नाही. या माणसाला काळजी होती. पण लसूण कधी घालायचा, डाळ किती भिजवायची, हे कोणाला विचारायचं? बायका पाण्यावर, बाजारात, हळदीकुंकवाला बोलता बोलता एकमेकींना शंभर गोष्टी सांगतात. पुरुषाने खाणीवर “रे, पोराला शौचाला कडक होतंय, काय देऊ?” असं विचारलं तर चेष्टा होते. त्यात सगळ्यांचा एकच सल्ला, “पोरीला शिकव आता हळूहळू.” पोरगी आठ वर्षांची! त्यावर त्यांचं उत्तर मला फार आवडलं. “तिला शाळा आहे. मी शिकतो.”

इथे मला बाबासाहेबांच्या लहानपणाची गोष्ट आठवते. त्यांचं घराणं आपल्याच जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचं. आई भीमाबाई गेल्यावर वडील रामजी सकपाळ खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर, तलावाच्या खोदाईवर खजिनदार होते आणि मुलं साताऱ्यात होती. ‘वेटिंग फॉर अ व्हिजा’ या आठवणींत बाबासाहेबांनी लिहिलंय की आत्या मायाळू होती, पण पायांच्या त्रासामुळे तिच्याने फारसं होत नसे.  मग चार मुलं मिळून रांधायची. पीठ मळणं जमेना म्हणून भाकरी-पोळी नाहीच. तांदूळ आणि मटण एकत्र शिजवलं की होणारा पुलाव हा त्यांना सगळ्यांत सोपा वाटला, त्यावर दिवस काढले. कमावत्या बापाच्या घरातही मुलांच्या ताटात काय पडतं, हे पैशाइतकंच हाताला काय जमतं यावर ठरतं. आणि शिकवायला शेजारपाजार आहे का, यावर.

आमच्या या पालकांचंही घोडं पिठापाशीच अडलं होतं. नाचणी चांगली असते हे माहीत, भाकरी मात्र थापता येईना. तव्यावर पडेपर्यंत तिचे तुकडे. शेवटी मार्ग काढला तो आमच्या शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंनी. त्या म्हणाल्या, “भाकरी कशाला? घावणे घाला.” नाचणीचं पीठ, थोडं तांदळाचं, मीठ, पाणी. थापायचं नाही, नुसतं ओतायचं. जमलं! मग कुळीथ भाजून पीठ दळून आणायला सांगितलं. फोडणी, लसूण, आमसूल, पाणी उकळलं की पीठ, दहा मिनिटांत पिठी तयार. सकाळच्या चाय-बिस्किटाच्या जागी उकड्या तांदळाची पेज आणि सुकटीची चटणी. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा तर सुकटीचाच आधार.

मी घाटावरचा. इथे बदली होऊन आलो तेव्हा एकटा राहायचो, महिनाभर खिचडी आणि पाव. त्यामुळे ‘पुरुषाने एवढं तरी करावं’ असं म्हणायचा मला हक्क नाही. कुळीथ म्हणजे बैलाचं खाणं असं समजणारा मी! शंभर ग्रॅम कुळथात वीस ग्रॅमच्या वर प्रथिनं, तेवढ्याच नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, हे शिकवायला लागल्यावर कळलं. २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून आपण प्रभातफेऱ्या काढल्या. पण नाचणीचं काय करायचं, हे कुठल्या बापाला दाखवलं का?

पुढच्या आरोग्य तपासणीत मुलीला रक्त कमी असल्याचं सांगितलं. वडील खचले. “एवढं करतोय तरी?” म्हणाले. हे एका महिन्यात भरून येणारं नसतं. शाळेत दर आठवड्याला मिळणारी गुलाबी लोहाची गोळी चुकवायची नाही, जेवणासोबत चहा नको कारण त्याने लोह नीट शोषलं जात नाही, भाजी-डाळीवर लिंबू पिळायचं, जंताची गोळी घ्यायची, एवढं मी सांगू शकलो. चहाचं ऐकून ते गप्प झाले. पोरं भुकेने कुरकुरली की चहा देणं हाच त्यांचा उपाय होता.

शाळेचं जेवण अशा घराला किती धरून ठेवतं, हे आपण पोषण आहाराच्या नोंदी भरून वैतागलेल्या शिक्षकांनी विसरू नये. मीही वैतागतो. पण पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ-कडधान्य, ५० ग्रॅम भाजी, हा निकष त्या बापाच्या दृष्टीने दिवसातली एक काळजी मिटल्यासारखा आहे. २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडं सुरू झालं होतं, जानेवारी २०२५ मध्ये राज्याने त्याचा निधी थांबवला. मला तो निर्णय चुकीचा वाटतो. अंडं उकडायला कोणालाही येतं, आणि मुलांनाही ते आवडतं. ज्या घरात रांधणारे हातच कमी आहेत, तिथल्या मुलाचं त्यात जास्त नुकसान झालं. मे महिन्याची सुट्टी तर आणखी वेगळी. शाळा बंद, बाप बागेत, घरात दोन मुलं आणि कालचा भात.

आणखी एक गोष्ट पालकांना जरूर सांगा. एकल पालकाच्या मुलांसाठी राज्याची बाल संगोपन योजना आहे, पात्र मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. ती फक्त विधवा बाईच्या मुलांना असते असा समज आमच्याकडे सरसकट आहे. आई गेलेली मुलंही त्यात येतात. या वडिलांना कोणी सांगितलंच नव्हतं, आणि त्यात मीही आलो.

आता आपल्या माता-पालक गटांचं बोलू. शाळापूर्व तयारीसाठी हे गट झाले, काम चांगलं चाललंय, माझी तक्रार नाही. पण आमच्या शाळेत पाककृतींचा कार्यक्रम झाला तेव्हा चिठ्ठ्या गेल्या त्या मातांना. ज्या माणसाला त्याची सर्वांत जास्त गरज होती, तो त्या दिवशी खाणीवर होता आणि त्याला निरोपही नव्हता. चिठ्ठी मीच लिहिली होती.

पुढच्या वेळी चिठ्ठीवर ‘मुलांचं जेवण बघणारे’ असं लिहिलं आणि वेळ रविवारी संध्याकाळची ठेवली. काही भगिनींना आवडलं नाही. “पुरुष आले की आम्ही मोकळेपणी कशा बोलणार?” हा प्रश्न रास्त आहे, त्याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. पुरुष तिघे आले. त्यात एक आजोबा, दोन नातवंडं सांभाळणारे. आमचे पालक दाराशीच बसले होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “शेवग्याचा पाला बारक्याला कडू लागतो. काय करू?”

“डाळीत घाल रे, कळणार पण नाही,” एक आजी म्हणाली. दुसरी म्हणाली, आधी खोबऱ्यात परत. त्यावरून दोघींची जुंपली आणि ते खिशातलं बिल काढून त्याच्या मागे लिहून घ्यायला लागले.