रियाचेची कुलपं



परवा आमच्याकडे जेवायला बसलेलो असताना नेहमीचा वाद निघाला. "आपण रांगेत उभे राहिलो, ग्रीन कार्डाची वर्षानुवर्षं वाट पाहिली. मग बोटीतून येणाऱ्यांचे लाड कशाला?" मला तेव्हा नीट बोलता आलं नाही, म्हणून आता लिहितो.

इटलीच्या दक्षिण टोकाला, कालाब्रियात, रियाचे नावाचं गाव आहे. जुनी वस्ती किनाऱ्यापासून सात-एक किलोमीटरवर, डोंगरात. 1972 साली इथल्या समुद्रात दोन प्राचीन ग्रीक ब्राँझ पुतळे सापडले आणि रेज्जो कालाब्रियाच्या म्युझियममध्ये मानाने उभे राहिले. 1998 मध्ये त्याच किनाऱ्याला सुमारे दोनशे कुर्द निर्वासितांची बोट लागली. तोवर गावची माणसं पोटासाठी उत्तर इटलीत आणि परदेशात गेलेली. मागे उरली कुलूपबंद घरं. (कोकणात घर असलेल्यांना अधिक सांगायला नको.)

दोमेनिको लुकानो आणि त्याच्या मित्रांनी ती घरं उघडून आलेल्यांना दिली. 2004 मध्ये तो महापौर झाला. विणकामाच्या, मातीकामाच्या कार्यशाळा निघाल्या, गाढवांवरून कचरा गोळा होऊ लागला, शाळेला मुलं मिळाली. सरकारी पैसे महिनोन्‌महिने रखडत, म्हणून गावाने स्वतःची कुपनं छापली. काहींवर चक्क गांधीजी! शेजारच्या कामिनीनेही पुढे हीच वाट धरली.

ही परीकथा नव्हे. सगळा डोलारा अनुदानावर उभा होता. 2018 मध्ये लुकानोला अटक झाली, पैसा आटला, बरेच निर्वासित निघून गेले. 2021 मध्ये लोक्रीच्या कोर्टाने त्याला 13 वर्षं 2 महिने शिक्षा ठोठावली. 2023 मध्ये अपिलात बहुतेक आरोप गळाले आणि दीड वर्षाची स्थगित शिक्षा उरली. कागदपत्रांत तो ढिला होता, हे मला अमान्य नाही. पण 2024 मध्ये त्याच गावाने त्याला पुन्हा महापौर केलं. घरचा हिशेब गावाला आपल्यापेक्षा जास्त कळतो.

राहता राहिली रांग. मला ती मिळाली, कारण हातात डिग्री होती, आणि ती डिग्री सरकारी कॉलेजात नाममात्र फीवर झाली होती. गाव जळताना निघालेल्या कुर्द माणसाने कुठल्या खिडकीपाशी उभं राहायचं होतं? पुढच्या जेवणाला याचं उत्तर कुणीतरी द्या. श्रीखंड माझ्याकडून.