गाडी पुढे, यादी मागे

इगतपुरी स्थानकावर पावसाळ्याच्या सकाळी मुंबईकडे निघालेला प्रवासी मोबाईलवर गाड्यांची यादी उघडतो. यादीत एका गाडीपुढे हिरव्या अक्षरांत ‘वेळेवर’ लिहिलेलं असतं. तो त्या ओळीवर बोट ठेवतो, तपशिलाची स्क्रीन उघडते आणि कळतं की गाडी अजून देवळालीच्याही मागे आहे, चाळीस मिनिटं उशिरा. दुसऱ्या गाडीचं काय, हे बघायला तो मागे येतो. यादीत तीच पहिली गाडी, तोच हिरवा रंग, तेच ‘वेळेवर’. एकाच अ‍ॅपच्या दोन स्क्रीन एकाच गाडीबद्दल दोन वेगवेगळी उत्तरं देतात आणि खरं कोणतं, हे प्रवाशानं आपलं आपण ठरवायचं.

अशा दोषाला सॉफ्टवेअरच्या जगात किरकोळ समजतात. अ‍ॅप बंद पडत नाही, पैसे अडकत नाहीत, म्हणून दुरुस्तीच्या यादीत तो सतत खाली ढकलला जातो. पण ज्या अ‍ॅपवर माणूस गाडी, बाजारभाव किंवा दवाखान्यातला नंबर बघतो, तिथं शिळी यादी म्हणजे चुकीची माहिती. ती पुरवणाऱ्यावर तिची जबाबदारी आहे आणि शिळी यादी टाळण्याचे मार्ग कित्येक वर्षांपासून ठाऊक आहेत.

दोष उद्भवतो कसा, ते समजायला प्रोग्रामर असावं लागत नाही. यादीतल्या ओळीवर बोट ठेवलं की तपशिलाची स्क्रीन यादीच्या वर येऊन बसते. यादी तिच्याखाली जशीच्या तशी असते. मागे आलं की वरची स्क्रीन निघून जाते आणि खालची पुन्हा दिसते. ती नव्यानं तयार होत नाही. अँड्रॉइडमध्ये स्क्रीन पहिल्यांदा तयार होताना ‘ऑनक्रिएट’ चालतं आणि ती पुन्हा समोर आली की ‘ऑनरिझ्यूम’. आयफोनमध्ये हीच जोडी ‘व्ह्यूडिडलोड’ आणि ‘व्ह्यूविलअपिअर’ या नावांनी असते. सर्व्हरकडून माहिती मागवण्याचं काम फक्त पहिल्या जागी लिहिलं, की यादी एकदाच भरते आणि मागे येणाऱ्याला जुनीच दिसते. अ‍ॅप करणाऱ्या जवळपास प्रत्येकाला शिकाऊ काळात हा धडा मिळालेला असतो. तरीही तयार अ‍ॅपमध्ये हा दोष दिसतो, कारण तपासणारा माणूस वेगवान वायफायवर बसून अ‍ॅप नव्यानं उघडतो, दोन स्क्रीन बघतो आणि ‘चालतंय’ म्हणतो.

इगतपुरीत तसं चालत नाही. कसारा ते इगतपुरी हा थळ घाट जेमतेम पंधरा किलोमीटरचा, पण चढ सदतीसास एक. चढणाऱ्या बऱ्याच गाड्यांना कसाऱ्याला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात आणि ती इगतपुरीला काढली जातात. त्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, दाट धुकं आणि दरडींची भीती. अशा मार्गावर गाडीची वेळ दहा मिनिटांत बदलू शकते. बोगद्यात शिरलं की नेटवर्क जातं. मुंबईची लोकल कसाऱ्यापर्यंतच येते. त्यामुळे 1975 पासून धावणाऱ्या पंचवटीसारखी गाडी चुकली, की इगतपुरीच्या पासधारकाला दर चार मिनिटांनी दुसरी मिळत नाही. त्याला ताजी यादी लागते ती याच कारणासाठी.

इंटरनेट नसलं तरी बरंच करता येतं. बंगळुरूच्या सिग्मॉइड लॅब्जनं केलेलं ‘व्हेअर इज माय ट्रेन’ हे अ‍ॅप 2018 मध्ये गूगलनं घेतलं. ते लोकप्रिय होण्याचं एक मोठं कारण असं, की गाडीत बसलेल्या माणसाला मोबाईल टॉवरच्या आधारानं, इंटरनेट किंवा जीपीएस नसतानाही, आपण कुठं आहोत हे त्यावर समजतं. भारतातल्या रेल्वेमार्गावर इंटरनेट जाणारच, हे गृहीत धरूनच त्याची आखणी झाली होती.

यादी ताजी ठेवण्याविरुद्ध नेहमी दोन आक्षेप घेतले जातात. प्रत्येक वेळी मागे आल्यावर माहिती मागवली तर डेटा आणि बॅटरी खर्च होते आणि सर्व्हरवर ताण येतो, हा पहिला. तो खोटा नाही. सकाळी दहाला वातानुकूलित आणि अकराला इतर वर्गांचं तत्काळ आरक्षण उघडतं, तेव्हा लाखो लोक एकाच यादीत मागे-पुढे करत असतात. पण वेबच्या नियमांतच यावर सोय आहे. अ‍ॅप सर्व्हरला विचारू शकतं, ‘माझ्याकडच्या प्रतीनंतर काही बदललं का?’ काही बदललं नसेल तर सर्व्हर 304 एवढा संकेत पाठवतो, यादी पुन्हा पाठवत नाही. आधी जुनी यादी दाखवायची, मागून नवी मागवायची आणि आली की बदलायची, ही पद्धतही 2010 पासून इंटरनेटच्या मानकांच्या कागदपत्रांत लिहिलेली आहे.

दुसरा आक्षेप असा, की यादी नव्यानं भरली की वाचणाऱ्याची जागा हरवते. चाळिसाव्या ओळीवरून आत गेलेला माणूस परत येतो तो पहिल्या ओळीवर. हा त्रास खरा आहे, पण तो आळसातून येतो. सगळी यादी पुसून पुन्हा लिहिण्याऐवजी बदललेल्या ओळीच बदलल्या तर जागा हलत नाही. याहून चांगला उपाय म्हणजे माहिती फोनमध्ये एकाच ठिकाणी साठवायची आणि यादी व तपशील या दोन्ही स्क्रीननी तिथूनच वाचायचं. मग तपशिलात ‘चाळीस मिनिटं उशीर’ आला की यादीतला हिरवा रंग आपोआप जातो.

यादी बोटानं खाली ओढून ताजी करण्याची खूण लॉरेन ब्रिक्टर यांच्या ‘ट्वीटी’ या अ‍ॅपमुळे रूढ झाली. 2010 मध्ये ट्विटरनं ते विकत घेतलं आणि 2012 मध्ये अ‍ॅपलनं ही सोय आयफोनच्या प्रणालीतच घातली. ती उपयोगी आहे, याबद्दल वाद नाही. पण तिच्या भरवशावर अ‍ॅप करणारे सर्व्हरला स्वतःहून विचारण्याची सोय करणं सोडून देतात. ज्याला ही खूण माहीत नाही, अशा वयस्कर माणसानं काय करायचं? यादी शिळी आहे याचा संशय आधी त्याला यायला हवा आणि संशय येण्यासारखं स्क्रीनवर काहीच नसतं.

बाजारभावाच्या यादीचंही असंच. इगतपुरी तालुक्यातल्या घोटीचा भात उत्पादक किंवा टोमॅटो घेऊन निघणारा शेतकरी मोबाईलवर किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर बघतो. नाशिक, मग वाशी, मग पुन्हा नाशिक. दराखाली तारीख नसेल तर कालचा भाव आजचा समजून तो टेम्पो ठरवतो आणि भाडं त्याच्या खिशातून जातं.

इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करणारे साधक पहिल्याच दिवशी फोन जमा करतात. अकराव्या दिवशी सकाळी परतीची गाडी बघायला अ‍ॅप उघडल्यावर साठवलेली दहा दिवसांपूर्वीची यादी आजची म्हणून समोर आली, तर ती धोक्याचीच. प्रत्येक अ‍ॅपची चाचणी अशा दहा दिवस बंद राहिलेल्या फोनवर व्हायला हवी.

रेल्वेनं स्वतःच्या कामात जुन्या माहितीवर कधी विश्वास ठेवलेला नाही. जिथं ‘अ‍ॅब्सोल्यूट ब्लॉक’ पद्धत आहे तिथं प्रत्येक गाडीसाठी पुढच्या स्थानकाकडून नव्यानं ‘लाइन क्लिअर’ घ्यावा लागतो. आधीच्या गाडीला मिळालेली परवानगी या गाडीला चालत नाही. प्रवाशाच्या हातातल्या यादीलाही तोच नियम लावायला हवा.

म्हणून रेल्वे, एसटी, बाजार समित्या आणि महापालिका यांनी अ‍ॅपच्या निविदेतच तीन अटी घालाव्यात. प्रत्येक यादीवर माहिती किती वाजताची आहे ते ठळक लिहिलेलं असावं. मागे आल्यावर यादीनं स्वतःहून विचारणा करावी. नेटवर्क नसेल तर जुनी यादी ‘जुनी’ म्हणूनच दाखवावी. वाचकांनीही शिळी यादी दिसली तर वेळेसह दोन्ही स्क्रीनचे स्क्रीनशॉट काढून अ‍ॅपच्या तक्रार विभागात पाठवावेत. दोष कुठं आहे हे दाखवणारा तेवढा पुरावा प्रोग्रामरला पुरतो.