इंजिनाचा दर कोणी ठरवायचा?

फॉर्म्युला वनमध्ये इंजिनांच्या किमतीला लगाम घालायचं नुसतं नाव काढलं, की कारखानदारांचं उत्तर तयार असतं: संशोधनावर पैसा आम्ही ओतला, दरही आम्हीच ठरवणार. २०१५ च्या ऑक्टोबरात खेळाची नियामक संस्था एफआयएने इंजिन विकत घेणाऱ्या ग्राहक संघांसाठी वर्षाचा दर १.२ कोटी युरोंवर रोखायचं ठरवलं, तेव्हा फेरारीने नकाराधिकार वापरला तो याच व्यापारी हक्काच्या नावाने.

व्यापाराचा हक्क मान्य. पण व्यापारात गिऱ्हाइकाला दुसरं दुकान असतं. इथे २०१५ मध्ये दुकानं होती चार, आणि त्यांतले काही दुकानदार स्वतःच शर्यतीत उतरलेले. त्याच वर्षी रेनोशी बिनसल्यावर रेड बुल दारोदार फिरला. मर्सिडीज नाही म्हणाली, फेरारी बरोबरीचं इंजिन देईना, होंडाची वाट मॅक्लारेनने अडवली. लागोपाठ चार विजेतेपदं मिळवलेल्या, पैशाला तोटा नसलेल्या संघाची ही गत! शेवटी त्याच रेनोच्या इंजिनावर एका घड्याळ कंपनीचं नाव चिकटवून गाडी धावली. असल्या बाजारात दर मागणी-पुरवठ्यावर ठरत नाही, प्रतिस्पर्ध्याच्या मर्जीवर ठरतो.

दुसरा आक्षेप जरा भारदस्त आहे. म्हणे इंजिन स्वस्त झालं की तंत्रज्ञान खुंटेल. पण इतिहास वेगळंच सांगतो. १९६७ मध्ये फोर्डच्या एक लाख पौंडांवर कीथ डकवर्थने कॉसवर्थ डीएफव्ही घडवलं आणि झांडफोर्टला पहिल्याच शर्यतीत जिम क्लार्कने त्यावर जिंकून दाखवलं. पुढच्या वर्षापासून ते साडेसात हजार पौंडांत इतरांनाही मिळू लागलं. टिरेल, विल्यम्स यांसारखे छोटे संघ त्यावरच विजेते झाले. १९८३ पर्यंत या इंजिनाच्या नावावर १५५ विजय जमा झाले. तंत्रज्ञान खुंटलं का? पंख आणि गाडीला जमिनीकडे खेचणारा ग्राउंड इफेक्ट याच काळात बहरले. इंजिन सारखंच म्हटल्यावर डोकं उरलेल्या गाडीवर चालवावं लागलं. फोर्डने पैसे घातले म्हणून हे जमलं, हे खरं. पण त्या पैशांत फोर्डला जी जाहिरात मिळाली, तीच आजच्या कारखान्यांनाही हवी असते.

हंगामातल्या इंजिनांची संख्या कमी करून खर्च वाचवायचा उपाय मात्र हास्यास्पद ठरला. २०१५ मध्ये स्पाच्या शर्यतीत ठरलेल्यापेक्षा जास्त इंजिनं वापरल्याबद्दल मॅक्लारेनच्या दोन गाड्यांना मिळून सुरुवातीच्या रांगेत १०५ जागा मागे जाण्याची शिक्षा झाली, आणि शर्यतीत गाड्या होत्या वीस.

म्हणून नियमाने गिऱ्हाइकाचा दर, पुरवठ्याची सक्ती आणि कारखान्याचा खर्च ही तिन्ही टोकं एकदम बांधायला हवीत. २०१६ च्या तडजोडीत पहिली दोन अर्धवट आली: २०१७ ला दर दहा लाख युरोंनी उतरला, २०१८ ला आणखी तीस लाखांनी. तिसरं टोक हाती यायला २०२३ उजाडलं, वर्षाला ९.५ कोटी डॉलरच्या मर्यादेने. इतकं बांधलं तर कारखाने पळतील, ही शेवटची धमकी. पण खर्चाची मर्यादा डोळ्यांसमोर असताना आउडीने २०२६ साठी नाव नोंदवलं आणि निघालेली होंडा परत फिरली. गेली ती रेनो. २०२१ पासून तिच्याकडे स्वतःच्या संघाखेरीज एकही गिऱ्हाईक उरलं नव्हतं.