घोंगडीला ऊन हवे, डांबरगोळी नको

नवरात्र जवळ आले की घरातले अंथरूण-पांघरूण धुऊन उन्हात टाकायचे, ही आपली जुनी रीत. मांजरीत हे काम नदीवर, कालव्यावर होई. 2021 मध्ये मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत आले; त्याआधीपासूनच मळ्यांच्या जागी इमारती उभ्या राहत होत्या. आज तिथल्या फ्लॅटमध्येही सनगरांनी हातमागावर विणलेली घोंगडी हौसेने गालिच्यासारखी अंथरली जाते. पण ती उन्हात टाकायची कुठे? कित्येक सोसायट्यांत गच्चीला कुलूप असते आणि गॅलरीच्या कठड्यावर काही वाळत घालायला मनाई. इमारत नीटनेटकी दिसावी म्हणून केलेला हा नियम आरोग्याच्या मुळावर येतो, असे माझे मत आहे.

लोकर हवेतला ओलावा शोषते. स्वतःच्या वजनाच्या जवळपास तीस टक्के पाणी मुरले तरी ती हाताला ओली लागत नाही. त्यात घोंगडीला चिंचोक्याची खळ दिलेली असते. पावसाळाभर ती फरशीवर पडून राहिली की बुरशीला आयतेच खाद्य मिळते.

दुसरा पाहुणा धुळीतला माइट. हा जेमतेम पाव ते एक तृतीयांश मिलिमीटरचा जीव डोळ्यांना सहसा दिसत नाही. आपल्या त्वचेचा झडलेला कोंडा हे त्याचे अन्न. तो पाणी पीत नाही, हवेतला ओलावाच शोषून घेतो. म्हणून कोरड्या हवेत तो तगत नाही. त्याच्या विष्ठेतल्या प्रथिनांमुळे अनेकांना शिंका येतात आणि दमा असलेल्यांचा त्रास बळावतो. रांगणाऱ्या बाळाचे तर नाकच त्या घोंगडीजवळ असते.

तिसरी कसर. या पतंगाच्या अळ्या लोकरीतले केराटिन पचवतात. अंधारी, न हलवलेली जागा त्यांना आवडते. त्यांच्या धाकाने आपण डांबरगोळ्या टाकतो. अनेक डांबरगोळ्या नॅफ्थलीनच्या असतात आणि त्यांची वाफ बंद खोलीत आपणच श्वासावाटे घेतो. जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मतः कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशी या वाफेने फुटू शकतात. गोळ्यांत ठेवलेले कपडे वापरल्याने नवजात बाळांना कावीळ झाल्याच्या नोंदी वैद्यकशास्त्रात आहेत. कसर हटवायला हा धोका कशाला पत्करायचा?

उपाय साधा आहे. पावसाळ्यापूर्वी घोंगडी पूर्ण वाळवून, झटकून, गुंडाळून सुती कापडात बांधावी आणि जमिनीपासून उंच ठेवावी. पाऊस सरला की कडक उन्हात तीन-चार तास दोन्ही बाजूंनी तापवावी. रंगीत गालिचा असेल तर उलटा टाकावा, म्हणजे रंग विटत नाही. उन्हाने माइट मेले तरी त्यांची विष्ठा आत राहते, म्हणून नंतर काठीने झोडपणे आवश्यक. हे काम मोकळ्या जागेत, नाकाला फडके बांधून आणि दमा नसलेल्या माणसाने करावे. एरवी आठवड्यातून एकदा दोन्ही बाजूंनी व्हॅक्यूम फिरवावा. फिरता ब्रश मात्र लावू नये. धुवायचीच असेल तर गार पाण्यात, रिठ्याने, न चोळता. गरम पाणी आणि वॉशिंग मशीन यांनी लोकरीच्या तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात, घोंगडी आटते.

यात पैशाचे काम काहीच नाही. लागते ती फक्त उन्हाची जागा. म्हणून सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांना सांगणे एवढेच : ऑक्टोबरात महिनाभर तरी, सुट्टीच्या दिवशी गच्चीचे कुलूप काढा, दोऱ्या बांधा, मजल्यांप्रमाणे पाळ्या लावा. कठड्यावर वाळत घातल्याने खाली कोणाच्या अंगावर काही पडेल, ही भीती रास्त आहे. गच्चीवर तीही उरत नाही. इमारतीच्या देखणेपणापेक्षा आतल्या माणसांचा श्वास मोठा मानायला हवा.